एक पॅकेज मागितले, सहा आली: पॅकेज मॅनेजर समजून घेताना

सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेतील ‘चॉक’, ‘डीबग’ अशी अनेक पॅकेजे, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारे तयार कोडचे संच, सांभाळणाऱ्या एका प्रोग्रामरला एक ईमेल आला. एनपीएम या पॅकेजांच्या भांडारानेच तो पाठवला असावा, असे वाटण्यासारखे त्याचे रूप होते. प्रोग्रामरने ईमेलमधील दुव्यावर जाऊन आपली माहिती भरली, खात्याचा ताबा परक्या हाती गेला आणि त्याच्या नावावर १८ पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या क्रिप्टोचलनाच्या व्यवहारात पैसे घेणाऱ्याचा पत्ता गुपचूप बदलायचा, असा त्यामागचा डाव होता. काही तासांतच या आवृत्त्या हटवल्या गेल्या; पण या १८ पॅकेजांची मिळून आठवड्याला २०० कोटींहून अधिक डाउनलोड होतात, हा आकडा वाचून माझ्या ओळखीच्या अनेकांनी एकच प्रश्न विचारला: इतक्या वेळा डाउनलोड करते तरी कोण?

बहुतेक डाउनलोड माणूस स्वतःच्या हाताने करतच नाही. ‘पॅकेज मॅनेजर’ नावाचा प्रोग्राम ते करतो, आणि तो नेमके काय काय आणतो आहे याकडे त्याला कामाला लावणाऱ्याचेही बहुधा लक्ष नसते. प्रोग्रामिंग शिकणारे विद्यार्थी पॅकेज मॅनेजरची एक आज्ञा पाठ करतात आणि ती चालली की पुढच्या धड्याकडे वळतात. ती चालली नाही, तर इंटरनेटवर सापडलेली दुसरी एखादी आज्ञा टाकून पाहतात. हे शिक्षण अपुरे आहे असे मला मनापासून वाटते. आणलेल्या सामानाची यादी पॅकेज मॅनेजर आपल्याला दाखवत असतो. ती वाचता येणे हाच तो शिकण्याचा खरा भाग आहे.

उदाहरणासाठी पायथन भाषेचा ‘पिप’ हा पॅकेज मॅनेजर घेतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. संगणकावर आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.

पॅकेज म्हणजे काय?

दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला, एखादे ठरावीक काम करणारा आणि आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल अशा रीतीने बांधून ठेवलेला कोड म्हणजे पॅकेज. एक्सेलची फाइल वाचणे, आलेख काढणे, तारखांची गणिते करणे ही कामे जगभरच्या लाखो प्रोग्रामरना लागतात. प्रत्येकाने ती नव्याने लिहीत बसण्यात अर्थ नाही. पायथनची अशी पॅकेजे ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारात ठेवलेली असतात. हे भांडार २००३ साली सुरू झाले, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते चालवते आणि आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. या भांडारातून हवे ते पॅकेज आणून आपल्या संगणकावर योग्य जागी लावून देणारा प्रोग्राम म्हणजे पिप. तो २००८ साली तयार झाला आणि २०१४ मध्ये आलेल्या पायथन ३.४ पासून पायथनबरोबरच मिळू लागला.

लग्नाचा स्वयंपाक ठरला की आचारी यादी देतो आणि घरातले कोणीतरी ती घेऊन बाजारात जाते. पायपीआय हा बाजार, आणि पिप हा यादी घेऊन जाणारा घरातला माणूस, असे तूर्त समजू या. फक्त हा बाजार मोठा विलक्षण आहे: येथे सर्व माल फुकट मिळतो, आणि कोणीही येऊन, आधी कोणाची तपासणी न होता, आपले दुकान मांडू शकतो. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

एक मागितले, सहा आली

माझ्या एका शिक्षक मित्राने घटक चाचणीचे गुण असलेल्या एक्सेल फाइली वाचून प्रत्येक तुकडीचा निकालपत्रक-तक्ता काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यासाठी त्याला ‘पांडाज’ हे पॅकेज हवे होते. ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ अशी आज्ञा त्याने दिली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या. शेवटची ओळ ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ या शब्दांनी सुरू होते आणि तीत आलेल्या सर्व पॅकेजांची नावे असतात. पांडाजच्या दुसऱ्या मालिकेतील आवृत्ती असेल, तर तेथे सहा नावे दिसतात: पांडाज, नमपाय, पायथन-डेटयूटिल, पायटीझेड, टीझेडडेटा आणि सिक्स.

मागितले एक असताना बाकीची पाच कोठून आली? पांडाज स्वतःच्या आकडेमोडीसाठी नमपायवर आणि तारखांसाठी पायथन-डेटयूटिलवर विसंबून आहे, आणि पायथन-डेटयूटिल पुढे सिक्सवर. एखाद्या पॅकेजला चालण्यासाठी लागणाऱ्या अशा दुसऱ्या पॅकेजला ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आपण त्याला आधार-पॅकेज म्हणू. आचाऱ्याच्या यादीत ‘गोडा मसाला’ एवढेच लिहिलेले असते, पण मसाला घरी करायचा म्हटले की धणे, सुके खोबरे, तीळ, दगडफूल अशी दुसरी यादी तिच्यातून निघते. पिप ती पोटयादी आपण न सांगता काढतो आणि तीतील माल घेऊन येतो.

यातले सिक्स हे पॅकेज मला विशेष लक्षात ठेवण्याजोगे वाटते. पायथन २ आणि पायथन ३ या दोन्हींवर एकच कोड चालावा यासाठी ते लिहिले गेले, आणि दोन गुणिले तीन म्हणून त्याचे नाव सिक्स. पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. तरीही आज निकालाचा तक्ता काढणाऱ्या शिक्षकाच्या संगणकावर ते मुक्कामाला येते, कारण मधल्या एका पॅकेजला अजून ते लागते. त्याने ते मागितलेले नसते, त्याचे नावही ऐकलेले नसते. आठवड्याच्या कोट्यवधी डाउनलोडचे मोठमोठे आकडे अशाच न मागितलेल्या पाहुण्यांमुळे तयार होतात. त्यांत भर घालतात ती सर्व्हरवरची यंत्रे, जी प्रोग्राम तपासण्यासाठी प्रत्येक वेळी सगळे सामान नव्याने आणतात.

जुना तांदूळ, नवा तांदूळ

स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की नव्या तांदळाला पाणी कमी लागते. जुन्या तांदळाच्या मापाने पाणी घालून नवा तांदूळ शिजवला, तर भाताचा गोळा होतो. तांदूळ वाईट नसतो, कृतीही चुकीची नसते. कृती ज्या तांदळासाठी सांगितली तो तांदूळ वेगळा असतो. पॅकेजांच्या आवृत्त्यांचे नेमके हेच आहे.

पॅकेजाची आवृत्ती बहुधा तीन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ १.२६.४. रूढ संकेत असा आहे की शेवटचा आकडा वाढला तर फक्त चुका दुरुस्त झाल्या, मधला वाढला तर जुने न मोडता काही नवे आले, आणि पहिला वाढला तर जुन्या पद्धतीने लिहिलेला कोड मोडू शकतो. हा संकेत आहे, कायदा नव्हे. सर्व पॅकेजे तो काटेकोरपणे पाळत नाहीत.

नमपायची दुसरी मालिका, म्हणजे २.० ही आवृत्ती, जून २०२४ मध्ये आली. पहिल्या आकड्यात झालेला हा बदल २००६ नंतरचा पहिलाच होता. नमपाय १ च्या सांगाड्यावर बांधलेली अनेक पॅकेजे नमपाय २ बरोबर चालेनात, आणि आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारे प्रोग्राम ‘नमपाय १ वापरून तयार केलेले मॉड्यूल नमपाय २ वर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबू लागले. ज्यांनी आपल्या यादीत नुसते ‘नमपाय’ लिहिले होते, त्यांना नवी मांडणी करताना आपोआप नवा तांदूळ मिळाला. ज्यांनी ‘नमपाय, पण २ च्या खालचा’ असे लिहिले होते, त्यांचे काम चालू राहिले आणि सवडीने बदल करण्यास त्यांना वेळ मिळाला.

कधीकधी पेच याहून अवघड असतो. तुमच्या एका पॅकेजला नमपाय १ हवा असतो आणि दुसऱ्याला २. एका वेळी एकच आवृत्ती ठेवता येत असल्यामुळे दोघांचे समाधान होईल असा मार्गच उरत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पिप २०.३ पासून पिप अशा वेळी पुढे न जाता थांबतो आणि कोणाला काय हवे होते ते सांगतो. त्याआधीचा पिप अनेकदा पहिले मिळेल ते लावून मोकळा होई, आणि विसंगती प्रोग्राम चालवताना केव्हातरी उघडकीस येई. हा लांबलचक तांबडा मजकूर विद्यार्थ्यांना घाबरवतो, परंतु तो शांतपणे वाचला, तर दोन पॅकेजांमधील भांडण त्यात शब्दशः लिहिलेले आढळते.

प्रत्येक कामाचे डबे वेगळे

आवृत्त्यांचा हा पेच दोन निरनिराळ्या कामांमध्ये पडत असेल, तर त्याला सोपा उपाय आहे. अनेक घरांत उपवासाच्या जिन्नसांचे डबे वेगळे ठेवतात. रोजच्या तिखटाचा चमचा उपवासाच्या तिखटात घालत नाहीत. पायथनमध्ये अशा वेगळ्या डब्यांना ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात, आणि २०१२ च्या पायथन ३.३ पासून ‘वेन्व्ह’ या नावाने ही सोय भाषेतच आहे. आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन -एम वेन्व्ह .वेन्व्ह’ अशी आज्ञा दिली की ‘.वेन्व्ह’ नावाचे एक पोटफोल्डर तयार होते. ते कार्यान्वित केले की आज्ञा लिहिण्याच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचे नाव दिसू लागते, आणि त्यानंतर पिपने आणलेले सर्व सामान त्याच पोटफोल्डरमध्ये जाते. निकालाच्या कामाचा नमपाय आणि आलेखांच्या कामाचा नमपाय आता एकमेकांच्या वाटेस जात नाहीत.

या पोटफोल्डरचा जीव मात्र तेवढाच समजावा. ते पेनड्राइव्हवर उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये, कारण त्यात पहिल्या संगणकावरील जागांचे पत्ते लिहिलेले असतात. बिघडले तर खुशाल पुसून टाकावे आणि यादीवरून नवे करावे. बिघडलेल्या डब्यात एकेक पॅकेज काढत-घालत बसण्यापेक्षा हे बरे, कारण एखादे पॅकेज काढून टाकले तरी त्याच्यामागून आलेली आधार-पॅकेजे पिप काढत नाही. ती तशीच राहतात.

लिनक्स वापरणाऱ्यांना याच संदर्भात एक संदेश भेटतो. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये आणि त्यासारख्या इतर नव्या लिनक्समध्ये थेट ‘पिप इन्स्टॉल’ केले, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असे सांगून पिप नकार देतो. लिनक्सची स्वतःची अनेक साधने त्याच पायथनवर चालतात, आणि आपण त्याच्या डब्यात हात घातला तर ती साधने बंद पडू शकतात, म्हणून हे कुलूप आहे. ते मोडण्याची एक आज्ञा इंटरनेटवर सर्रास सांगितली जाते. ती देऊ नये. वेगळा डबा करावा.

‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालते’

आता शिक्षक मित्राकडे परत येतो. स्वतःच्या लॅपटॉपवर महिनाभर चाललेला प्रोग्राम त्याने शाळेच्या संगणकावर नेला आणि पहिल्याच ओळीला ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ असा संदेश आला. त्याने पांडाज घेतले. त्यानंतरही तोच संदेश आला. त्या संगणकावर पायथन दोनदा बसवलेला होता. पिप एका पायथनचा होता आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालत होता. म्हणूनच नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहिण्याची सवय लावावी, असे मी सर्वांना सांगतो. ज्या पायथनवर प्रोग्राम चालवणार, त्याच पायथनच्या डब्यात मग सामान पडते.

तेवढे निस्तरल्यावर तिसरा संदेश आला: एक्सेल फाइल वाचण्यासाठी ‘ओपनपायएक्सएल’ हे पॅकेज सापडत नाही. मित्र फोनवर म्हणाला, “अरे, माझ्या लॅपटॉपवर हे कधी मागितलंच नव्हतं.” मागितले नव्हते, कारण तेथे ते आधीच होते, कधीतरी दुसऱ्याच एका कामासाठी त्याने ते घेतले होते आणि विसरून गेला होता. पांडाज सर्वांनाच एक्सेलसाठी लागतो असे नाही, म्हणून हे पॅकेज पांडाजबरोबर आपोआप येत नाही. ज्याला लागेल त्याने ते वेगळे घ्यायचे असते. वेगळा डबा सुरुवातीपासून केला असता, तर ही उणीव लॅपटॉपवरच पहिल्या दिवशी दिसली असती.

यावरचा दुसरा अर्धा उपाय म्हणजे लेखी यादी. ‘रिक्वायरमेंट्स’ या नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये एकेका ओळीवर एकेका पॅकेजचे नाव लिहायचे आणि नव्या संगणकावर ‘-आर’ हा पर्याय वापरून ती फाइल पिपच्या हाती द्यायची. ही यादी दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात आपण स्वतः मागितलेलीच पॅकेजे असतात. दुसऱ्या प्रकारात आधार-पॅकेजांसह प्रत्येकाची नेमकी आवृत्ती दोन बरोबरच्या चिन्हांनी पक्की केलेली असते. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा डब्यात या क्षणी जे आहे त्याची अशी यादी काढून देते. पहिली यादी म्हणजे हेतू, दुसरी म्हणजे नोंद. दोन्ही ठेवाव्यात, कारण नुसत्या नोंदीवरून सहा महिन्यांनी कोणते पॅकेज मुद्दाम घेतले होते आणि कोणते मागून आले होते, हे कोणालाच सांगता येत नाही.

सगळे नेहमी नव्यात नवे का ठेवू नये?

कारण वर सांगितलेला नवा तांदूळ केव्हा येईल हे आपल्या हातात राहत नाही. उलट बाजूने, आवृत्त्या एकदा पक्क्या करून वर्षानुवर्षे तशाच ठेवणेही धोक्याचे आहे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही नव्या आवृत्त्यांतूनच येतात. म्हणून बदल करावेत, पण ठरवून करावेत: नवा डबा करावा, त्यात नव्या आवृत्त्या घ्याव्यात, प्रोग्राम चालवून पाहावा आणि मगच नोंदीची यादी बदलावी.

अनोळखी लोकांचा कोड घ्यावाच का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरचे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका नावाच्या वादातून काढून घेतले. मजकुराच्या डाव्या बाजूला ठरावीक संख्येने मोकळ्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. परंतु ते इतक्या पॅकेजांच्या पोटयादीत होते की जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी ठप्प झाली, आणि काही तासांत भांडारालाच ते परत ठेवावे लागले.

तेथे निदान कोणाचा वाईट हेतू नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवर सापडलेला प्रकार मुद्दाम केलेला होता. ‘जेलीफिश’ या चांगल्या पॅकेजच्या रोमन नावातील एका लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ टाकून कोणीतरी दुसरे पॅकेज ठेवले होते. पडद्यावरच्या अनेक अक्षर-वळणांत ही दोन्ही अक्षरे एकसारखी उभी रेघ दिसतात. ते पॅकेज घेणाऱ्याच्या संगणकावरील गुप्त किल्ल्यांच्या फाइली चोरत असे, आणि ते जवळपास वर्षभर भांडारात पडून होते. सप्टेंबर २०२५ ची घटना याच्याही पुढची, कारण तेथे नाव खरे होते, लेखक खरा होता आणि फक्त आवृत्ती दूषित होती.

म्हणून मग इतरांचा कोड वापरूच नये काय? तसे करणे कोणालाही झेपणारे नाही. नमपायमधील गणिती कोड स्वतः लिहायला घेतला, तर शिक्षकाचा निकाल लागणारच नाही. करता येण्याजोगे ते एवढेच की पॅकेज घेण्याआधी पायपीआयवरील त्याचे पान उघडून नावाचे स्पेलिंग, लेखक, आवृत्त्यांचा इतिहास आणि मूळ कोडचा दुवा पाहावा. पाच-दहा ओळींचे काम असेल तर पॅकेज न घेता स्वतः लिहावे. आवृत्ती पक्की केलेली असेल, तर आज सकाळी आलेली दूषित आवृत्ती दुपारी आपोआप आपल्याकडे येत नाही, हा लेखी यादीचा दुसरा आणि कमी बोलला जाणारा फायदा. भांडारांनीही आपले नियम आवळले आहेत: २०२३ च्या अखेरपर्यंत पायपीआयने पॅकेज प्रसिद्ध करणाऱ्या सर्वांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

आणखी एक बारकावा येथे सांगणे जरूर आहे. पिप बहुतेक पॅकेजे ‘व्हील’ नावाच्या, आधीच बांधून तयार केलेल्या रूपात आणतो आणि नुसती उलगडून ठेवतो. तसे रूप उपलब्ध नसेल, तर तो मूळ कोड आणून तुमच्या संगणकावर त्याची बांधणी करतो, आणि या बांधणीत त्या पॅकेजच्या लेखकाने लिहिलेला कोड चालतो. म्हणजेच तुम्ही पॅकेज एकदाही वापरले नसले, तरी ते घेण्याच्या क्षणीच अपाय होऊ शकतो. ‘बघू तरी काय आहे’ म्हणून अनोळखी पॅकेज बसवून पाहणे याच कारणाने टाळावे.

एआयने सांगितलेले नाव टाकले तर?

एआय साधने अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांची नावे अतिशय खात्रीच्या सुरात सांगू शकतात. असे सुचवले जाणारे नाव कोणीतरी हेरून त्या नावाचे दूषित पॅकेज भांडारात आधीच ठेवू शकतो. त्यात पायथनमध्ये नावांचा गोंधळ मुळातच आहे: ‘पिलो’ हे पॅकेज प्रोग्राममध्ये ‘पीआयएल’ या नावाने बोलवावे लागते, ‘ओपनसीव्ही-पायथन’ हे ‘सीव्ही२’ या नावाने. त्यामुळे प्रोग्राममध्ये दिसलेले नाव तसेच्या तसे पिपला देणेही बरोबर नाही. नाव त्या पॅकेजच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच घ्यावे.

नवी साधने आली आहेत, मग पिप कशाला शिकायचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ‘यूव्ही’ हे साधन पिपपेक्षा पुष्कळ वेगवान आहे. डबा करणे, यादी ठेवणे आणि आवृत्त्या पक्क्या करणे ही कामे ते एकत्रच सांभाळते. ते जरूर वापरावे. पण त्याच्या ‘लॉक फाइल’मध्ये जे लिहिलेले असते, ती पिप फ्रीझच्या यादीसारखीच, अधिक काटेकोर नोंद असते; त्यात प्रत्येक फाइलचा अंकीय ठसाही असतो, म्हणजे मधल्यामध्ये फाइल बदलली तर ते ओळखता येते. एक साधन नीट समजले की दुसऱ्याचे फक्त शब्द बदलतात. एनपीएमवाल्यांचे ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर पाहून पायथनच्या माणसाला तो डबा ओळखता येतो, तो याचमुळे.

शिक्षक मित्राने गेल्या सुट्टीत सगळे पहिल्यापासून मांडले. त्याच्या फोल्डरमध्ये आता दोन फाइली आहेत. पहिलीत दोनच ओळी: पांडाज आणि ओपनपायएक्सएल. दुसरीत आठ, कारण पांडाजबरोबर पाच आणि ओपनपायएक्सएलबरोबर ‘ईटी-एक्सएमएलफाइल’ नावाचे एक आले. आठही नावांपुढे आवृत्त्या आहेत, आणि सिक्सच्या ओळीपुढे त्याने स्वतःच्या हाताने टिपण जोडले आहे: ‘हे डेटयूटिलला लागते, काढू नये.’